मोठ्या प्रमाणातील डिझेल लोकोच्या मॉडेलची बॉडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘इंजिन’ हा शब्द रुळावरच्या अख्ख्या गाडीलाही चालतो आणि तिच्या पोटातल्या यंत्रालाही. गोंधळ टाळण्यासाठी खाली संपूर्ण गाडीला ‘लोको’ आणि आतल्या यंत्राला ‘इंजिन’ म्हटले आहे. मोटारी, गिअर आणि कंट्रोल यांचा विचार बॉडीशी संबंध येतो तेवढ्यापुरताच केला आहे.

‘मोठे प्रमाण’ म्हणजे नेमके किती, आणि ते आधी का ठरवावे लागते?

इथे प्रामुख्याने ४५ मिमी गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधले अंतर ४५ मिमी असलेल्या, मार्गावर धावणारी मॉडेले गृहीत धरली आहेत. घोटाळा असा, की गेज एकच असले तरी त्यावर अनेक प्रमाणे चालतात. १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजला ४५ ने भागले की जवळजवळ ३२ येतात, म्हणून त्या गेजच्या लोकोसाठी १:३२ हे प्रमाण हिशेबाला धरून आहे. मीटर गेजसाठी १:२२.५ आणि तीन फुटी नॅरो गेजसाठी १:२०.३ ही प्रमाणे त्याच न्यायाने आली. अमेरिकी डिझेल लोकोंच्या तयार मॉडेलांत मात्र १:२९ फार रूढ आहे. त्या प्रमाणात रूळ ४९.५ मिमीचा हवा, म्हणजे बॉडीच्या मानाने तो साडेचार मिमी अरुंदच राहतो. भारतीय ब्रॉड गेज १६७६ मिमीचे असल्यामुळे तेथील लोको ४५ मिमीवर अचूक बसवायचा तर प्रमाण १:३७ च्या आसपास जाते, आणि १:३२ चा हट्ट धरला तर ५२ मिमीपेक्षा थोडा रुंद रूळ स्वतः घालावा लागतो.

यांपैकी कोणतीही तडजोड चालते, पण ती एकदाच करावी. १:२९ आणि १:३२ यांच्यात दहा टक्क्यांचा फरक आहे. एका प्रमाणाची चाके आणि दुसऱ्या प्रमाणाचा केबिनचा दरवाजा एकाच लोकोवर आले, तर बघणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे दारातूनच कळते.

मूळ लोकोचे आरेखन मिळाले नाही तर मापे कशी काढावीत?

छायाचित्रावरून काढता येतात, मात्र छायाचित्र अगदी बाजूने आणि दुरून घेतलेले हवे. जवळून घेतलेल्या चित्रात लोकोची टोके आक्रसतात आणि मधला भाग फुगतो. मोजमापाचा आधार म्हणून एक खात्रीचे माप लागते. पुष्कळ जण चाकाचा व्यास धरतात आणि फसतात, कारण चाक झिजते, पुन्हा कातले जाते आणि नव्या चाकापेक्षा काही सेंटीमीटरने लहान होते. त्याऐवजी बोगीच्या, म्हणजे लोकोखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीच्या, दोन आसांमधले अंतर धरावे, कारण ते आयुष्यभर बदलत नाही. उदाहरणार्थ, ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या अनेक चार-आसी लोकोंखाली असलेल्या ब्लॉम्बर्ग बोगीत हे अंतर ९ फूट, म्हणजे २७४३ मिमी असते; १:३२ मध्ये ते ८५.७ मिमी होते.

आरेखनाची झेरॉक्स प्रत वापरत असल्यास ती लांबी आणि उंची अशा दोन्ही दिशांना पट्टीने तपासून घ्यावी. यंत्र कागद ओढताना एका दिशेला किंचित ताण पडतो, आणि साठ सेंटीमीटरच्या बॉडीत एक टक्का म्हणजे सहा मिमी होतात. आणखी एक गोष्ट सर्रास विसरली जाते: डिझेल लोकोच्या डाव्या आणि उजव्या बाजू एकमेकींची आरशातली प्रतिबिंबे नसतात. दारे, झडपा (हवेसाठीच्या तिरक्या पात्यांच्या खिडक्या) आणि हवेच्या जाळ्या यांची मांडणी आतल्या यंत्रसामग्रीप्रमाणे ठरते, म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे हाती येईपर्यंत कापायला सुरुवात करू नये.

बॉडीसाठी कोणते साहित्य निवडावे?

पहिल्या बॉडीसाठी मी निःसंकोचपणे स्टायरीन या प्लॅस्टिकची शीट सुचवतो. ती कटरने खाच पाडून मोडता येते, कानशीला दाद देते, आणि चुकलेला भाग कापून त्या जागी नवा बसवला तरी सांधा दिसत नाही. बाजूंना २ मिमी, छपराला वळवायच्या ठिकाणी १ मिमीचे दोन थर आणि तपशिलासाठी ०.५ मिमी, एवढ्या तीन जाड्यांत बहुतेक काम भागते.

पितळेच्या पत्र्याची बॉडी अधिक कणखर होते आणि कडा खऱ्या पत्र्यासारख्या पातळ दिसतात, परंतु तिला सोल्डरिंगचा सराव लागतो. मोठा पत्रा उष्णता झपाट्याने पसरवतो, त्यामुळे लहान सोल्डरिंग आयर्न तिथे हतबल होते. शिवाय एक तपशील जोडताना शेजारचा निखळून पडतो. बर्च प्लायवूड ही बॉडीच्या आतल्या सांगाड्यासाठी उत्तम आहे. एमडीएफ मात्र टाळावे. ओलावा लागला की त्याच्या कडा फुगतात आणि ती फूग रंगाखालूनही दिसते. ज्यावर माणूस बसतो अशा १२७ किंवा १८४ मिमी गेजच्या मॉडेलांत पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा लागतो. ते काम मॉडेलपेक्षा पत्रेकारीच्या जवळचे आहे.

त्रिमितीय प्रिंटरवर संपूर्ण बॉडी छापली तर?

छापता येते, पण मी छापत नाही. लांब सपाट बाजूवरचे थरांचे पट्टे घासून काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात शीटची बाजू कापून होते आणि ती अधिक सपाट असते. प्रिंटरचा खरा उपयोग छोट्या, पुन्हापुन्हा लागणाऱ्या आणि वळणदार भागांसाठी होतो: हॉर्न, पंख्यांची घरे, बोगीचे दर्शनी भाग, वाळूच्या पेट्यांची झाकणे. यासाठी रेझिनची छपाई उत्तम. प्लॅस्टिकची तार (फिलामेंट) वितळवून छपाई करायची असल्यास उन्हात चालणाऱ्या मॉडेलासाठी पीएलए हे प्लॅस्टिक वापरू नये. ते सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, आणि गडद रंगाचे छप्पर किंवा बंद मोटारीत ठेवलेला खोका तेवढा सहज तापतो. एएसए हे प्लॅस्टिक उन्हाला बरेच टिकते.

बॉडी काही आठवड्यांनी बाक का घेते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. माझ्या पहिल्या लोकोची एक बाजू मी दोन शीटा एकमेकींवर चिकटवून केली होती. जोड पक्का व्हावा म्हणून प्लॅस्टिक विरघळवून जोडणारे द्रावक भरपूर ओतले, वर जाड पुस्तके ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बाजू गुण्याला लावली तर काटकोनात, अगदी सरळ. तीन आठवड्यांनी रंग देण्यासाठी बाहेर काढली तेव्हा ती धनुष्यासारखी वाकली होती. दोन थरांमध्ये कोंडलेले द्रावक हळूहळू एकाच बाजूने बाहेर पडत राहते, प्लॅस्टिक आतून मऊ करते आणि आकसताना शीटला ओढते.

उपाय तीन आहेत. आतल्या थराला दर दोन-तीन सेंटीमीटरवर लहान भोके पाडावीत, म्हणजे वाफ तिथून निघून जाते. द्रावक ओतू नये. दोन्ही भाग कोरडेच एकमेकांशी धरून ब्रशचे टोक सांध्याला टेकवावे. पातळ द्रव केशाकर्षणाने आपसूक आत धावतो आणि सांध्यावर एक ओली रेघ पळत गेलेली दिसते. तेवढे पुरे. तिसरे म्हणजे बाजूच्या आतून, दर सात-आठ सेंटीमीटरवर, लोकोच्या आडव्या छेदाच्या आकाराचे आडोसे बसवावेत. आडोशांना मध्ये मोठे भोक ठेवावे. ते वायरिंगसाठी लागतेच, शिवाय कोणतीही पोकळी पूर्ण बंद राहत नाही.

ही द्रावके, विशेषतः डायक्लोरोमिथेन, श्वासाला घातक आहेत. काम उघड्या खिडकीजवळ करावे आणि बाटलीचे झाकण प्रत्येक वेळी लावावे.

नाकाचा दुहेरी वळणाचा भाग कसा घडवावा?

ईएमडीच्या एफ मालिकेतले, १९३९ च्या एफटीपासून प्रसिद्ध झालेले गोलसर नाक हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. तिथे पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो, म्हणून शीट वाकवून ते होत नाही. नाकाचे उभे छेद दर दहा मिमीला काढून त्यांचे साचे शीटमधून कापावेत, ते मधल्या उभ्या कण्यावर ओळीने उभे करावेत आणि मधल्या जागा स्टायरीनच्या तुकड्यांनी किंवा हलक्या लाकडाने भराव्यात. मग साच्यांच्या कडा दिसू लागेपर्यंत कानस चालवावी. कड दिसली की थांबायचे, इतका सरळ नियम आहे. शेवटची लांबी (पुट्टी) पातळ थरांत भरावी आणि प्रत्येक थर वाळल्यावर घासावा, कारण जाड थर वरून वाळतो आणि आतून कच्चा राहून पुढे खचतो.

डोळ्यांवर विसंबू नये. कोरडा प्रायमर मारून, एकच दिवा एका अंगाने ठेवून पाहावे. जिथे सावली तुटते तिथे खड्डा असतो. पुठ्ठ्याचा अर्धा साचा करून तो डावीकडे आणि मग उलटून उजवीकडे लावल्यास दोन्ही गालांतला फरक लगेच उघडा पडतो.

हुड असलेल्या लोकोची बॉडी वेगळ्या पद्धतीने करावी लागते का?

होय. पूर्ण रुंदीच्या लोकोत बॉडीच्या बाजू बहुधा भार पेलतात, त्यामुळे त्या सलग असतात आणि मॉडेलातही सलग केल्या तर शोभतात. हुड असलेल्या लोकोत सगळा भार खालच्या चौकटीवर असतो आणि हुड म्हणजे केवळ यंत्रावरचे झाकण. त्याला दुरुस्तीसाठी ओळीने दारे असतात आणि बाहेरून चालायची वाट असते. दारे कोरून दाखवण्यापेक्षा ०.५ मिमी शीटची वेगवेगळी कापून चिकटवावीत. खऱ्या लोकोवरही ती पत्र्यावर किंचित उठून दिसतात, त्यांच्यातल्या फटी अगदी सारख्या नसतात, आणि ही असमानता मॉडेलात जिवंतपणा आणते. प्रत्येक दाराला बिजागऱ्या आणि कडी हवी. कंटाळवाणे काम आहे, त्याला इलाज नाही.

रिव्हेट कसे दाखवावेत?

आधी ते मुळात आहेत का ते पाहावे. वेल्डिंगच्या बॉडीवर रिव्हेटांची रांग काढणे ही उत्साहातून होणारी नेहमीची चूक आहे. असतील तर २५ मिमीचे डोके १:३२ मध्ये सुमारे ०.८ मिमीचे होते. पातळ शीटला मागून बोथट सुईने दाबून ते उठवता येतात, आणि लोखंडी पट्टीला धरून समान अंतराच्या खुणा आधी केल्या तर रांग सरळ येते. तयार रेझिनच्या रिव्हेटांची चिकटचित्रेही मिळतात. वळणदार पृष्ठभागावर तीच सोयीची. एक रिव्हेट कमी पडला तर चालतो, रांग वाकडी झालेली चालत नाही.

जाळ्या आणि पंखे खरे वाटत नाहीत, काय करावे?

डिझेल लोकोचा चेहरा पुढून नाकाने ठरतो, पण बाजूने आणि वरून तो जाळ्या, झडपा आणि पंखे यांनीच ठरतो. कारणही उघड आहे: इंजिनाला पाणी थंड करायला प्रचंड हवा लागते, आणि ती आत घेणे व बाहेर फेकणे यासाठीच बॉडीचा बराच पृष्ठभाग खर्ची पडलेला असतो. म्हणून मॉडेलात जाळीच्या मागे पोकळी हवी. सपाट बाजूवर जाळी चिकटवून तिला काळा रंग दिला की ती चिकटवलेली जाळीच दिसते. बाजूला तेवढे भोक कापावे, दहा-पंधरा मिमी खोल खोका आतून लावावा, त्याला मंद काळा रंग द्यावा आणि त्याच्या तळाशी रेडिएटरचे गाभे म्हणून बारीक रेघांची शीट ठेवावी. उजेड तिरका पडला की ती रेघ पुसटशी दिसते, एरवी काळोख दिसतो.

झडपांसाठी दोन उभ्या पट्ट्यांना एकदमच, एकमेकींना चिकटवून धरून, करवतीने समान अंतरावर तिरक्या खाचा पाडाव्यात. नंतर पट्ट्या सोडवून समोरासमोर उभ्या कराव्यात आणि खाचांत ०.५ मिमीच्या पात्या सरकवाव्यात. खाचा एकत्र पाडल्यामुळे पात्या आपोआप समांतर बसतात. एखाद-दोन पाती किंचित वेगळ्या कोनात ठेवायचा मोह मला होतो, आणि तो मी आवरत नाही.

छपरावरच्या पंख्यांची मापे तपासून घ्यावीत. ईएमडीच्या लोकोंवर ३६ आणि ४८ इंचांचे पंखे आढळतात. १:३२ मध्ये ते अनुक्रमे २८.६ आणि ३८.१ मिमी होतात. पंख्याची पाती जाळीखाली स्पष्ट वेगळी दिसावीत, म्हणून पाते आणि जाळी यांत दोन-तीन मिमी अंतर ठेवावे. जाळीसाठी कोरीव पितळी पत्रा उत्तम, कारण कापडी जाळीचे धागे एकमेकांवरून जातात आणि या प्रमाणात ते विणकाम लपत नाही.

कठडे आणि दांड्या कशापासून कराव्यात? ऊन-थंडीने त्या वाकतात.

खऱ्या लोकोवरचा सव्वा इंची कठडा १:३२ मध्ये एक मिमीचा आणि हाताने धरायची पाऊण इंची दांडी ०.६ मिमीची होते. कठड्याला पितळी तार चालते. जिथे वारंवार हात लागणार आहे तिथे फॉस्फर ब्राँझ घ्यावी, कारण ती वाकली तरी पुन्हा सरळ उसळते.

वाकण्याचे कारण बहुधा तारेत नसून बॉडीत असते. अर्धा मीटर लांबीचे स्टायरीन तीस अंशांच्या फरकाने सुमारे एक मिमी लांबते, आणि तेवढीच पितळी तार जेमतेम ०.३ मिमी. तार दोन्ही टोकांना घट्ट चिकटवली असेल तर थंडीत बॉडी आक्रसते आणि तार बाहेर पोक काढते. उन्हात उलटे होऊन सांधे सुटतात. तार मधल्या एकाच खांबाला पक्की करावी आणि बाकीच्या खांबांच्या भोकांतून नुसती ओवून ठेवावी.

एकाच मापाच्या दांड्या वीस-तीस लागतात. लाकडाच्या ठोकळ्यावर दोन खाचा पाडून त्यावर तार वाकवली की सगळ्या एकसारख्या होतात. भोके पाडण्यासाठीही पितळी पट्टीचा छोटा साचा करावा. पिन वाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) नुसत्या नजरेने पाडलेली भोके हमखास तिरकी जातात.

खिडक्यांची काच धुरकट का होते?

सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेमुळे. काच रंगकामानंतर, पांढऱ्या पीव्हीए गोंदाने बसवावी. काच खाचेत बरोबर मावेल अशी कापून बाहेरच्या पृष्ठभागाच्या जवळ आणावी. आतून चिकटवलेली काच भिंतीची जाडी दाखवते आणि २ मिमीची भिंत १:३२ मध्ये ६४ मिमीची, म्हणजे किल्ल्याची, दिसते.

बॉडी सुंदर झाली, पण वळणावर बोगी अडते.

हा हिशेब बॉडी कापण्याआधी करायचा असतो. बोगींच्या केंद्रांमधले अंतर ४०० मिमी असेल, तर ३ मीटर त्रिज्येच्या वळणावर बॉडीचा मधला भाग रुळाच्या मध्यापासून सुमारे ६.७ मिमी आत सरकतो आणि बोगी जवळजवळ चार अंश वळते. तोच लोको ६०० मिमी त्रिज्येवर नेला तर बोगी साडेएकोणीस अंश वळते, आणि तिच्या केंद्रापासून ८० मिमीवर असलेले टोक २६ मिमीहून अधिक बाजूला जाते. तिथे पायऱ्या, डिझेलची टाकी आणि हवेच्या नळ्या आडव्या येणारच. अशा वळणांवर चालवायचे असेल तर पायऱ्या बॉडीऐवजी बोगीला जोडणे किंवा त्यांच्या मागचा भाग कोरणे एवढेच हाती उरते. मी वळण मोठे करण्याच्या बाजूचा आहे.

दिवे आणि वायरिंग केव्हा करावे?

छप्पर बंद करण्याआधी. बारा व्होल्टवर तीन व्होल्टचा एलईडी एक किलोओमच्या रोधासह सुमारे ९ मिलिअँपिअर घेतो, आणि मॉडेलाला तेवढा उजेड पुष्कळ होतो. प्रकाश शीटमधून झिरपून नाक कंदिलासारखे पेटू नये म्हणून आतून आधी काळा आणि मग पांढरा रंग द्यावा. स्पीकर असल्यास त्याची जागा जाळीच्या मागे ठेवावी.

रंगकामात सर्वाधिक चुका कुठे होतात?

घाईत. बॉडी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी, मग करडा प्रायमर द्यावा. तो उणिवा दाखवण्यासाठीच असतो, म्हणून त्याने दाखवलेल्या उणिवा दुरुस्त करून पुन्हा प्रायमर मारण्याची तयारी ठेवावी. स्टायरीनवर तीव्र थिनरचे रंग जाड मारल्यास पृष्ठभाग विरघळतो. पातळ, जवळजवळ कोरडे थर द्यावेत.

दोन रंगांच्या पट्ट्याची कड स्वच्छ येण्यासाठी एक युक्ती आहे. टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा पातळ फवारा मारावा. जे काही झिरपायचे ते त्याच रंगाचे झिरपते आणि फट बुजते. मग वरचा रंग मारावा आणि तो पुरता कडक होण्याआधी टेप स्वतःवरच दुमडत ओढावी. अक्षरे आणि क्रमांकांची चिकटचित्रे चकचकीत थरावरच लावावीत. मंद पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी चकाकी येते. सर्वांत शेवटी मंद वार्निश द्यावे. फवारणी करताना योग्य मास्क वापरावा, आणि हार्डनर घालायचे मोटारीचे रंग घरात मारू नयेत.

जुनेपणा किती दाखवावा?

जेवढा दाखवावासा वाटतो त्याच्या निम्मा. काजळी छपरावर धुराड्यापासून मागे पसरते, सगळ्या छपरावर सारखी नसते. टर्बोचार्जरला वेग घ्यायला उशीर लागल्याने अल्को या अमेरिकी कंपनीचे लोको जोर घेताना काळा धूर सोडत, तेव्हा त्यांच्या धुराड्याभोवती काजळी जास्त शोभते. बोगींवर ब्रेकची तांबूस-तपकिरी धूळ, डिझेल भरायच्या तोंडाखाली ओला, चमकदार डाग, आणि बाजूंवर पावसाने वरून खाली नेलेल्या रेघा असाव्यात. पायऱ्यांच्या कडा आणि दरवाजाची कडी मात्र हात-पाय लागून उजळ होतात, आणि तिथे पेन्सिलच्या शिशाचा एक हलका हात पुरतो.

बॉडी चौकटीवर कशी बसवावी, आणि उलटी करताना तपशील तुटू नयेत म्हणून काय करावे?

चिकटवू तर कधीच नये. आतून चार स्क्रू, डोकी खालच्या बाजूला, आणि त्यांतला प्रत्येक स्क्रू लोको आडवा ठेवून पोहोचता येईल अशा जागी. चुंबकांची सोय आकर्षक वाटते, पण लोको कठड्याला धरून उचलला की बॉडी हातात येते आणि चौकट खाली राहते. जादा वजन घालायचे ते चौकटीत, रुळाच्या जितके जवळ तितके बरे. छपरातले वजन लोकोला वळणावर डोलवते.

उलटे करण्यासाठी कामाला सुरुवात करतानाच फोमचा पाळणा करून ठेवावा. बॉडीच्या बाजू जिथे सपाट आणि तपशीलविरहित आहेत नेमक्या तिथेच तो टेकेल असा कापावा, हॉर्न आणि पंख्यांसाठी तळाशी खोल जागा ठेवावी. हॉर्न, वायपर आणि आरसे हे भाग शेवटच्या दिवशी बसवावेत, आणि प्रत्येकाचा एक जादा नग त्याच वेळी करून डबीत टाकावा.